गुडघ्याची वाटी पुन्हा पुन्हा सरकत असेल तर

नवरात्र जवळ आली की वडोदऱ्यात गरब्याचा सराव सुरू होतो. पाय जमिनीवर रोवून, किंचित वाकलेल्या गुडघ्यावर गिरकी घेताना काहींची वाटी बाहेरच्या बाजूला सरकते. हा त्रास प्रामुख्याने किशोरवयात आणि तरुणपणी होतो. बऱ्याचदा पाय सरळ करताच वाटी जागेवर येते आणि घरचे म्हणतात, "बसली ना, झालं मग!" मात्र वाटी बसली म्हणजे गुडघा बरा झाला, असे नाही.

आपल्या शहराला सांधे बसवण्याची जुनी परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव या कौशल्यासाठीही ओळखले जात. पण निखळलेली वाटी बसवणे वेगळे आणि ती पुन्हा निखळू नये याची सोय करणे वेगळे.

असे का होते?

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खोबण असते. गुडघा वाकताना वाटी त्या खोबणीतून सरकते. आतल्या बाजूचे एक लिगामेंट तिला बाहेर जाऊ देत नाही. वाटी पहिल्यांदा निखळते तेव्हा बहुतेक वेळा हे लिगामेंट फाटते. ते सैल भरून आले, की पुढच्या वेळी साधा पाय मुरगळणेही पुरते. काहींची खोबण जन्मतःच उथळ असते, तर काहींची वाटी नेहमीपेक्षा वर असते. दर वेळी हाडांवरची कूर्चा घासली जाते आणि पुढे सांधा लवकर झिजू शकतो.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणती?

पहिल्या वेळी सहसा पट्टा आणि फिजिओथेरपी यांवर भागते. मात्र कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात अडकला असेल तर शस्त्रक्रिया लवकर करावी लागते. वाटी वारंवार निखळत असेल तर एक्स-रे आणि एमआरआय काढून, गरज पडल्यास सीटी स्कॅन करून कारण शोधतात. उपाय त्या कारणावरून ठरतो.

लिगामेंट निकामी झाले असेल तर रुग्णाच्याच मांडीमागची एक बारीक कंडरा घेऊन नवे लिगामेंट तयार करतात. वाटी वर असेल किंवा तिच्यावरचा ताण बाहेरच्या बाजूला जास्त असेल, तर वाटीखालची कंडरा नडगीच्या ज्या उंचवट्याला जोडलेली असते, तो हाडासकट सरकवून स्क्रूने बसवतात. वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत हे टाळतात, कारण हाडाच्या वाढीच्या भागाला इजा होऊ शकते. खोबण फारच उथळ असेल तर निवडक रुग्णांत ती खोल करतात. त्यामुळे दोघा भावंडांनाही एकच शस्त्रक्रिया लागेल असे नाही.

नंतर काय?

काही आठवडे कुबड्या आणि पट्टा, त्यानंतर कित्येक महिने व्यायाम. खेळ किंवा गरबा साधारण सहा ते नऊ महिन्यांनी, तोही मांडीची ताकद परत आल्यावर. गुडघा आखडणे, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी हे धोकेही आहेत. ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावेत. व्यायाम अर्धवट सोडला तर चांगल्या शस्त्रक्रियेचाही पुरता उपयोग होत नाही.

आमची पालकांना एवढीच विनंती आहे: नाच बंद होईल या भीतीने मुले हा त्रास लपवतात, म्हणून रागावू नका. वाटी दुसऱ्यांदा निखळली तर मालिशवाल्याकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एखादी नवरात्र हुकली तरी चालेल, गुडघा मात्र जन्मभर वापरायचा आहे.