एका दिवसाचा जगज्जेता

मोटारसायकलला ब्रेक नसावा, गिअर एकच असावा, आणि तरीही चौघांनी एकदम वळणाकडे झेप घ्यावी, हा खेळ ऐकणाऱ्यास वेडेपणाच वाटेल. परंतु 'स्पीडवे' नावाच्या या खेळावर पोलंडमधील लोकांचे विलक्षण प्रेम आहे. पोलंड आपल्या भागास अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आश्रयास होते.

त्याच युद्धाने त्या देशाच्या सीमाही सरकविल्या. जर्मनीतील ओपोले शहर १९४५ साली पोलंडमध्ये आले. गाव जागेवरच राहते आणि राज्य बदलते, म्हणजे काय होते, हे सीमाभागातील वाचकांस निराळे सांगावयास नको. आमची पिरनवाडी जशी बेळगावास लागून, तसे ओपोलेस लागून ग्रुजित्से नावाचे खेडे होते. आज ते शहराचाच भाग आहे. तेथे २८ जानेवारी १९४९ रोजी येझी श्चाकेल याचा जन्म झाला. पुढे तो ओपोलेच्या 'कोलेयाश' क्लबकडून शर्यतीत उतरू लागला. या शब्दाचा अर्थच मुळी रेल्वे कामगार.

या खेळाची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. लंबवर्तुळाकार मैदान, त्यावर सैल माती, ५०० सी.सी.चे मिथेनॉलवर चालणारे इंजिन आणि डाव्या बुटाखाली पोलादी तळ. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवून, डावा पाय जमिनीला टेकवीत गाडी वळवावयाची. चार फेऱ्यांची लढत जेमतेम एका मिनिटात संपते. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक, चौथ्यास शून्य. त्या काळी जागतिक विजेतेपद एकाच दिवसात ठरे. सोळा स्वार, वीस लढती; प्रत्येकाच्या वाट्यास पाच. म्हणजे अधिकाधिक पंधरा गुण.

२ सप्टेंबर १९७३ रोजी होझूफ येथील विशाल मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते. त्या काळापर्यंत चार वेळा जगज्जेता ठरलेला न्यूझीलंडचा आयव्हन मेजर आणि चोवीस वर्षांचा श्चाकेल या दोघांचेही तेरा गुण झाले. निर्णायक लढतीत श्चाकेल पुढे निघाला. त्यास मागे टाकण्यासाठी मेजरने मुसंडी मारली आणि तो घसरून पडला. वैयक्तिक जागतिक विजेतेपद प्रथमच पोलंडला मिळाले.

मेजर पडला म्हणून हा जिंकला, असे म्हणणारे लगेच निघाले. वैयक्तिक स्पर्धेत श्चाकेलला पुन्हा तशी मजल मारता आली नाही, त्यामुळे त्या बोलण्यास बळच आले. १९७९ साली तो निवृत्त झाला.

हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. दैवाने एखादी लढत मिळेल; पंधरांपैकी तेरा गुण मिळत नाहीत. शिवाय मेजर पडला तो पुढच्यास गाठण्याच्या प्रयत्नात, आणि पुढे श्चाकेलच होता. त्यापूर्वी १९७१ साली रिब्निक येथे आन्जेय विग्लेंदा याच्या जोडीने त्याने जागतिक दुहेरी विजेतेपद मिळविले होते, तेही तीसपैकी तीस गुण घेऊन. शाळेत एखादा गरीब मुलगा पहिला आला की 'यंदा पेपरच सोपा होता' असे म्हणणारे आम्हां शिक्षकांस नेहमी भेटतात. पेपर सर्वांना एकच होता, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

त्या एका दिवसाचे मोल पोलंडला पुढे कळले. पुढचा पोलिश जगज्जेता, तोमाश गोलोब, २०१० साली झाला. मध्ये सदतीस वर्षे गेली. १९९५ पासून तर हे विजेतेपद हंगामभराच्या अनेक स्पर्धांतून ठरते. त्या रीतीत बार्तोश झ्मार्झ्लिक याने २०१९ ते २०२५ या काळात सहा वेळा ते पटकावले आणि मेजरच्या सहा विजेतेपदांशी बरोबरी साधली.

श्चाकेलचे निधन १ सप्टेंबर २०२० रोजी झाले. त्याच्या विजयास सत्तेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला होता. सहा वेळा जिंकणाऱ्याचा गौरव व्हावाच. परंतु खेड्यातून आलेल्या मुलाने आपल्या वाट्यास आलेला एकच दिवस वाया जाऊ दिला नाही, याची नोंदही तितक्याच आदराने व्हावयास हवी.