छायाचित्र-मुद्रणातील विभेदन

इंकजेट मुद्रकावर छायाचित्र छापताना कागदाच्या दर इंच लांबीत प्रतिमेचे जितके चित्रबिंदू किंवा पिक्सेल येतात, ते प्रमाण. मुद्रकावर छापलेल्या १,४४० किंवा २,८८० यांसारख्या आकड्यांशी या प्रमाणाची पुष्कळदा गल्लत केली जाते. ते आकडे शाईच्या ठिपक्यांच्या दाटीचे असतात. चित्रबिंदूला लक्षावधी छटांपैकी कोणतीही छटा घेता येते; ठिपका मात्र मुद्रकातील मोजक्या शायांपैकी एकीचाच असतो. त्यामुळे एका चित्रबिंदूची छटा साधण्यासाठी अनेक ठिपके विखरून टाकावे लागतात. साहजिकच दर इंची १,४४० चित्रबिंदू पुरविण्याचा खटाटोप व्यर्थ होय.

उपयुक्त विभेदनाची मर्यादा डोळ्यावर अवलंबून असते. निरोगी डोळ्याला सु. १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनीय अंतरावरील दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. २५ सेंमी. वरून पाहिल्यास हे अंतर सु. ०·०७ मिमी. भरते, म्हणजे दर इंची सु. ३५० बिंदू. हातात धरून पाहावयाच्या चित्रास ३०० चित्रबिंदू पुरेसे मानतात, ते यामुळेच. १ मी. वरून पाहावयाच्या भिंतीवरील चित्रास ९० देखील चालतात. परंतु पाहणारा हटकून जवळ जातो, तेव्हा १५० च्या खाली न उतरणे बरे. साध्या कागदात शाई पसरते व बारीक तपशील बुजतो. ३०० चे चीज लेप दिलेल्या कागदावरच होते.

६,००० × ४,००० चित्रबिंदूंच्या प्रतिमेपासून ३०० च्या प्रमाणाने सु. २० × १३ इंची चित्र मिळते. प्रतिमेच्या संचिकेत नोंदलेला ‘३००’ हा आकडा केवळ मापाची सूचना असते. तो बदलल्याने चित्रबिंदू वाढत नाहीत. संगणक अंतर्वेशनाने नवे बिंदू भरू शकतो, पण ते शेजारच्या बिंदूंवरून केलेले अनुमान असते.

घरातील दिवंगत व्यक्तीचे एकमेव जुने छायाचित्र मोठे करताना हा भेद प्रकर्षाने जाणवतो. २ × ३ इंची छायाचित्रावरून ८ × १२ इंची प्रत हवी असल्यास हिशेबाने ते दर इंची १,२०० या प्रमाणाने स्कॅन करावे लागेल. तथापि जुन्या कागदी प्रतीत एवढा तपशील सहसा नसतो. ६०० च्या पुढे बहुधा कागदाचा पोत आणि ओरखडेच उठून दिसतात. अशा वेळी मूळ निगेटिव्ह सापडल्यास तीच स्कॅन करावी. भ्रमणध्वनीवर संदेशाद्वारे आलेली प्रत बहुधा लहान केलेली असते. १,२०० × ९०० चित्रबिंदूंच्या अशा प्रतीवरून ४ × ३ इंचांपेक्षा मोठे चित्र काढल्यास चेहऱ्याची ठेवण पुसट होऊ लागते. म्हणून छापण्यापूर्वी मूळ संचिका मागवून घेणे आवश्यक असते.