समांतर रोहित्रे आणि भाराची वाटणी

मी बँकेतला कारकून, शिक्षणाने कला शाखेचा. तरीही विजेच्या या विषयावर लिहितो आहे. यातील गणित त्रैराशिकापलीकडचे नाही. पण त्याकडे दुर्लक्ष झाले तर लाखो रुपयांचे यंत्र जळू शकते.

रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून ते ४३३ व्होल्ट देते. कारखान्याची किंवा इस्पितळाची विजेची गरज वाढली की एक रोहित्र अपुरे पडते. मग दुसरे आणून दोन्ही एकाच बसबारला जोडतात. हीच समांतर जोडणी. त्यासाठी दोघांचे दाबाचे गुणोत्तर, ध्रुवता, फेजचा क्रम आणि व्हेक्टर ग्रुप जुळले पाहिजेत. शिवाय नामपट्टीवरची आणखी एक नोंद पाहावी लागते, ती म्हणजे टक्केवारी इम्पिडन्स, अर्थात संरोध.

ही टक्केवारी काढतात कशी? रोहित्राची कमी दाबाची बाजू शॉर्ट करून दुसऱ्या बाजूला हळूहळू दाब वाढवतात. पूर्ण भाराइतका प्रवाह वाहू लागला की थांबतात. ११,००० पैकी ४४० व्होल्ट लागले तर संरोध ४ टक्के. ५५० लागले तर ५ टक्के.

एकाच टाकीला दोन नळ जोडले तर रुंद नळातून जास्त पाणी जाते. तसेच कमी संरोधाचे रोहित्र जास्त भार ओढते. समजा, ५०० केव्हीएची दोन रोहित्रे आहेत. एकाचा संरोध ४ टक्के, दुसऱ्याचा ५. भार ५ : ४ या प्रमाणात वाटला जाईल. एकूण भार १,००० केव्हीए असेल तर पहिल्यावर सुमारे ५५६ आणि दुसऱ्यावर ४४४. पहिल्याचा पूर्ण भाराचा प्रवाह ६६७ अँपिअर, पण त्यातून ७४१ अँपिअर वाहतील. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ११ टक्के जादा प्रवाहाने उष्णता सुमारे २३ टक्के वाढते. साध्या कागदी इन्सुलेशनचे आयुष्य तर तापमानाच्या दर ६ अंश वाढीला जवळपास निम्मे होते.

खरा धोका पुढेच आहे. एकूण भार ९५० असताना आकडा १,००० च्या आत दिसतो, म्हणून सारे निश्चिंत असतात. पण पहिले रोहित्र तेव्हाही ५२८ केव्हीए वाहत असते. या जोडीची सुरक्षित मर्यादा ९००च आहे : पहिल्यावर ५०० आणि दुसऱ्यावर ४००. खात्यांतील शिलकेप्रमाणे येथे क्षमतांची सरळ बेरीज करून चालत नाही.

मग उपाय काय? नवे रोहित्र घेतानाच टक्केवारी जुळवून घ्यावी. १० टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा चालवून घेतात, पण ४ आणि ५ मधला फरक त्याहून मोठा आहे. टक्केवारी सारखी असेल तर लहानमोठी रोहित्रेही साधारणतः आपापल्या क्षमतेप्रमाणे भार वाटून घेतात. जोडणी आधीच झाली असेल तर प्रत्येक रोहित्राला स्वतंत्र अँमीटर लावून तो पाहत राहावा, किंवा बस कपलर उघडून दोघांचे भार वेगळे करावेत. टॅप बदलून वाटणी सुधारण्याच्या फंदात पडू नये. दाब असमान झाले की भार नसतानाही दोघांमध्ये प्रवाह फिरत राहतो.

आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी रोहित्रापाशी जाताच आधी नामपट्टी वाचावी आणि भाराची वाटणी कागदावर मांडावी. या हिशेबाला पाच मिनिटे पुरतात; जळलेले वेटोळे पुन्हा भरायला कित्येक दिवस जातात.