रिकाम्या जागेत काय उरते?

पोकळी म्हणजे काहीच नसणे, अशी आपली समजूत असते. परंतु बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हे ‘काहीच नसणे’ निर्माण करण्याचा उद्योगच चालतो. १९६५ साली स्थापन झालेली हिंद हाय व्हॅक्यूम ही कंपनी तेथे निर्वात यंत्रे तयार करते. आरशावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवावयाचा, तर धातूची वाफ सरळ आरशापर्यंत पोहोचली पाहिजे. वाटेत हवेचे रेणू आडवे येता कामा नयेत. म्हणून बंद पात्रातील हवा पंपांनी उपसून काढावी लागते.

ती निघते तरी किती? पात्रातील दाब वातावरणाच्या शंभर कोटीव्या हिश्शावर आणला, तरी एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच हजार कोटी रेणू शिल्लक असतात! समजा, तेही काढले. तरी भिंतींतून उष्णतेचे किरण येतच राहतात. समजा, भिंती निरपेक्ष शून्यापर्यंत गार केल्या. (प्रत्यक्षात ते साधत नाही; पण कल्पनेला कोण अडवणार?) मग तरी ती जागा खरोखर रिकामी होईल काय?

आधुनिक भौतिकी म्हणते, नाही. विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र तेथे असतेच, आणि पुंजसिद्धांतानुसार ते कधीही पूर्ण निश्चल राहू शकत नाही. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक कासिमिर यांनी १९४८ साली गणिताने दाखविले की, निर्वातात धातूचे दोन भाररहित पत्रे अगदी जवळ ठेवल्यास ते एकमेकांकडे ओढले जातील. तंबोऱ्याच्या बांधलेल्या तारेवर जशी ठरावीकच कंपने बसतात, तशी पत्र्यांमधील फटीतही ठरावीकच बसतात. बाहेर तो निर्बंध नसतो. १९९७ साली स्टीव्ह लामोरो यांनी हे बल अमेरिकेत मोजले. पोकळीत कण क्षणोक्षणी उपजतात व मावळतात, असे चित्र पुष्कळदा रंगविले जाते; ते समजावण्यापुरते ठीक, अक्षरशः घेऊ नये.

याचा संबंध आपल्या मराठवाड्याशीही आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा प्रकाश धावेल. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीमुळे नळीतील आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी बदलते. तेवढा बदल टिपावयाचा आहे. तेथे हवा उपसली, तरी पोकळीतील स्पंदने मापनात मिसळतात. अमेरिकेतील लायगो यंत्रांत त्यासाठी २०१९पासून ‘पिळलेला’ प्रकाश वापरतात: मापनास आवश्यक अशा एका गुणातील अनिश्चितता दाबावयाची आणि दुसऱ्या गुणात ती वाढू द्यावयाची.