एक्सप्लेनर : एका क्वार्टरबॅकसाठी संघ आपलं भविष्य गहाण का ठेवतात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. तोच कच्चा असेल तर बाकी संघ कितीही तगडा असो, गाडी अडते. मग दुसऱ्या संघाचा क्वार्टरबॅक 'ट्रेड' करून आणावा का?

आयपीएलच्या ट्रेडमध्ये रोख रक्कम चालते. एनएफएलमध्ये चलन वेगळं : खेळाडू किंवा 'ड्राफ्ट पिक', म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू निवडण्याचा हक्क.

२०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक, शिवाय स्वतःचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ देऊन डेट्रॉइटकडून मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला!

वर्षभराने डेन्व्हर ब्राँकोसने तोच डाव टाकला. रसेल विल्सनसाठी पहिल्या दोन फेऱ्यांचे चार पिक आणि तीन खेळाडू गेले. तो एकही सामना खेळण्याआधीच पाच वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरची करारवाढ दिली. त्या हंगामात १७ पैकी विजय फक्त ५. मार्च २०२४ मध्ये त्याला सोडलं, तेव्हा वेतनमर्यादेवर सुमारे ८.५ कोटी डॉलरचा भार उरला. त्यानंतर ड्राफ्टमधून घेतलेल्या नवख्या बो निक्सने पहिल्याच वर्षी संघाला प्लेऑफमध्ये नेलं.

फरक कुठे पडला? रॅम्सकडे ॲरन डोनाल्ड, कूपर कप होते. शेवटचा तुकडाच हवा होता. डेन्व्हरला अख्खं घर बांधायचं होतं.

आणि रॅम्सने देऊन टाकलेला गॉफ? जानेवारी २०२४ च्या प्लेऑफमध्ये त्यानेच डेट्रॉइटकडून खेळत रॅम्सना २४-२३ असं घरी पाठवलं.