लिफाफा आणि पत्ता

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये ज्या जाळ्याची कल्पना मांडली, ते मनुष्यांनी वाचावे म्हणून होते. परंतु दशक उलटते न उलटते तोच एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी त्याच जाळ्यातून व्यवहार कसा करावा, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याची जी दोन उत्तरे पुढे आली, त्यांत मला तरी दोन निराळ्या कचेऱ्यांचा कारभार दिसतो.

पहिली कचेरी १९९८ मध्ये डेव्ह वायनर, डॉन बॉक्स व मायक्रोसॉफ्टमधील मंडळींनी आखलेल्या ‘सोप’ची. येथे अर्ज कशाचाही असो, तो एक्सएमएल या खूणभाषेच्या लिफाफ्यात बंद करून बहुधा एकाच खिडकीवर द्यावयाचा. आत नुसती शिल्लक विचारली आहे की खातेच बंद करण्याचा हुकूम आहे, हे लिफाफा फोडल्यावाचून कळावयाचे नाही. त्यामुळे वाटेतला जो कारकून एरवी कालची नक्कल दप्तरातून काढून देता, त्याला प्रत्येक लिफाफा मुकाट्याने पुढे ढकलणे भाग पडे. मूळ नावातले पहिले अक्षर ‘सुलभ’ या अर्थाच्या शब्दाचे होते. २००३ च्या आवृत्तीने त्या अक्षरांना काही विस्तार आहे हेच मानावयाचे सोडून दिले, हा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा खरा! तरीही लिफाफ्यावरची मोहोर अनेक हातांतून गेली तरी शाबूत राहते, हा गुण सावकारी व्यवहारात लहान नव्हे.

दुसरी कचेरी रॉय फील्डिंग यांची. जाळ्यावरील देवघेवीच्या एचटीटीपी या नियमांचा मसुदा करणाऱ्यांपैकी ते एक. जाळे मुळात का टिकले याची मीमांसा त्यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील शाखेस सादर केलेल्या प्रबंधात केली आणि त्या रचनेस ‘रेस्ट’ हे नाव दिले. या पद्धतीत प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असतो आणि क्रियापदे मोजकीच, तीही पाकिटाबाहेर लिहिलेली: गेट म्हणजे पाहणे, पुट म्हणजे ठेवणे, डिलीट म्हणजे काढून टाकणे. पाहण्याने दप्तरात फेरफार होत नाही, म्हणून उत्तर वाटेत हरवले तरी निर्धास्तपणे पुन्हा विचारता येते.

ॲमेझॉनने २००२ मध्ये दोन्ही दरवाजे उघडे ठेवले होते. वर्दळ पुढे दुसऱ्याच दरवाजाकडे वळली. मात्र रेस्टच्या नावाखाली जे चालले आहे त्यात एका कागदातून पुढच्या कागदाचा दुवा मिळण्याची मूळ अटच पाळली जात नाही, अशी तक्रार २००८ मध्ये खुद्द फील्डिंग यांनाच करावी लागली. आणि २०१५ मध्ये फेसबुकने खुल्या केलेल्या ग्राफक्यूएल या प्रश्नभाषेमध्ये तर सारे प्रश्न पुन्हा एकाच खिडकीवर येऊ लागले आहेत.