दगडाला धरून कोण ठेवते?

ऑक्सफर्डशर आणि वॉरिकशरच्या सीमेवर रोलराइटचे दगड आहेत. सत्तरहून अधिक झिजलेल्या दगडांचे एक रिंगण आणि रस्त्यापलीकडे एकटा उभा असलेला 'राजा'. इंग्लंड जिंकायला निघालेल्या या राजाला आणि त्याच्या शिपायांना एका चेटकिणीने जागच्या जागी दगड केले आणि ती स्वतः एल्डरचे झाड होऊन राहिली, अशी कथा आहे. पुढे क्नोसॉसच्या उत्खननामुळे जगप्रसिद्ध झालेल्या आर्थर एव्हान्स यांनी १८९५ मध्ये इथल्या लोककथा प्रसिद्ध केल्या. त्यांत एक विलक्षण तपशील आहे: जूनमधल्या मिडसमरच्या पूर्वसंध्येला लोक राजाभोवती जमत, एल्डरच्या झाडावर घाव घालत, झाडातून रक्त येई आणि राजा मान हलवी. चेटकीण घायाळ झाली की तिची पकड सुटते, म्हणजे हे दगडपण तिने अजून धरून ठेवलेले आहे.

टेबलाभोवती बसून भूमिकाखेळ खेळणाऱ्यांपुढे, दगडपण कोणी धरून ठेवलेले असते की नाही, हाच प्रश्न नियमाच्या रूपात येतो. लंडनमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या गेम्स वर्कशॉपने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकी खेळ ब्रिटनमध्ये आणला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि फासे निकाल देतात. त्यातला 'अँटिमॅजिक फील्ड' हा मंत्र दहा फूट त्रिज्येचा एक गोल उभा करतो. त्या गोलात जादू चालत नाही, पण ती नाहीशीही होत नाही. मुदत शिल्लक असेल तर गोल सरकल्यावर ती पुन्हा सुरू होते. मग बॅसिलिस्क या सरड्यासारख्या प्राण्याच्या नजरेने दगड झालेल्या सोबत्याला या गोलात ओढत आणले, तर तो जिवंत होईल का?

माझ्या मते होणार नाही. विरजण लावणे ही क्रिया आहे आणि दही हा तिचा परिणाम. दही लागल्यावर विरजण थोपवून दूध परत मिळत नाही. भट्टी विझली म्हणून वीट पुन्हा चिखल होत नाही. खेळाच्या २००३ च्या आवृत्तीतूनही हेच निघते: मांसाचा दगड करणारा मंत्र 'तात्काळ' वर्गातला, म्हणजे घडला आणि संपला, आणि अशा मंत्राच्या परिणामाला जादूरोधक गोल हात लावत नाही. याच्या उलट मानले तर काय होईल, तेही पाहावे. जखम भरणारा मंत्रही तात्काळच असतो. जादूचे प्रत्येक फळ गोलात मागे फिरत असते, तर काल बरा झालेला योद्धा गोलात पाऊल टाकताच रक्तबंबाळ होऊन कोसळला असता. असा खेळ कोणी खेळत नाही, आणि खेळूही नये.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मात्र ही रेघ पुसट केली. तिच्यात तोच मंत्र एक मिनिटभर एकाग्रतेने धरून ठेवावा लागतो. पूर्ण मिनिट धरला तर माणूस 'परिणाम दूर होईपर्यंत' दगड राहतो. या शब्दांवर बोट ठेवून काही जण म्हणतात की दूर करता येणारा परिणाम म्हणजे चालू असलेली जादू, आणि चालू जादू गोलात थांबलीच पाहिजे. पहिल्या मिनिटापुरते ते बरोबर आहे. तेव्हा मांत्रिक खरोखरच पकडून बसलेला असतो, आणि रोलराइटच्या राजाची मान जशी हलते तसा हा माणूसही गोलात मोकळा होईल. मिनिट संपल्यावर मात्र कोणी पकडून बसलेले नसते. बॅसिलिस्कच्या वर्णनातही 'जादूने' हा शब्द दगड होऊ लागण्याशी जोडलेला आहे, दगड होऊन राहण्याशी नाही.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे: दगडपण जर आता जादू नसेल, तर ते उतरवायला पुन्हा जादूच का लागते? कारण उतरवणे हे थांबवणे नव्हे; ते उलट दिशेने केलेले नवे काम आहे. सी. एस. लुईस यांच्या १९५० च्या नार्निया कादंबरीत चेटकीण युद्धात मारली जाते, तरी रणांगणावरचे पुतळे पुतळेच राहतात. अस्लान सिंहाला त्यांना एकेक करून सजीव करावे लागते. आपल्याकडची अहल्या तर दोन्ही प्रकारांनी येते. वाल्मीकि रामायणात ती शिळा नाहीच. ती राखेत पडलेली, कोणाला न दिसणारी तपस्विनी आहे. तिथला शाप चालू आहे, आणि रामाच्या येण्याबरोबर तो संपतो. लोकांच्या मनात रुजलेली अहल्या मात्र शिळा आहे, आणि तिला रामाच्या पावलाचा स्पर्शच हवा. पहिली अहल्या जादूरोधक गोलात कदाचित दिसू लागली असती. दुसरी शिळाच राहिली असती.

खेळातल्या एका राक्षसात हे दोन्ही एकत्र आले आहे. बिहोल्डर हा हवेत तरंगणारा डोळ्यांचा गोळा. त्याच्या मधल्या मोठ्या डोळ्यातून जादू थोपवणारा झोत पडतो, आणि वरच्या दहा छोट्या डोळ्यांपैकी एकाचा किरण माणसाला दगड करतो. त्या झोतात त्याचे स्वतःचे किरणही चालत नाहीत, असे नियम सांगतो. म्हणून समोरच्याला दगड करायचे तर त्याला मोठा डोळा मिटावा लागतो किंवा दुसरीकडे वळवावा लागतो. काम झाल्यावर तो डोळा पुन्हा उघडून त्या दगडाकडे खुशाल बघत बसू शकतो.